बाबांच्या डोळ्यांची पहिली आवृत्ती

बारा वाजले आणि भास्कररावांचे दोन्ही कृत्रिम डोळे बंद पडले. ते बनवणारी कंपनी बुडाली होती आणि आज दुपारी सगळ्यांचे डोळे बंद होतील, असं तिनं महिन्यापूर्वीच कळवलं होतं. दहा मिनिटांच्या आत सॉफ्टवेअरची जुनी, कंपनीशिवाय चालणारी पहिली आवृत्ती भरली, तरच ते पुन्हा उघडणार होते. डोळे चालू असताना ती भरता येत नव्हती.

ती आवृत्ती घरातल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये होती. केतकीनं बाबांबरोबर पंधरा दिवस खपून त्यातली धूळ काढली होती, नवा पॉवर सप्लाय आणि जास्तीची रॅम बसवली होती. सकाळी नीट चाललेला तो संगणक आता नुसता तीनदा बीप करत होता.

"रॅम हललीय," भास्करराव म्हणाले. "बटण बंद कर. पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं पूस."

"पुसली."

"आता परत बसव आणि दोन्ही टोकांना दाब. टक् असा आवाज यायला हवा."

टक् झालं. पडदा उजळला. केतकीनं बाबांच्या कानामागच्या खाचेत केबल लावली.

"किती वेळ राहिलाय गं?"

"भरपूर आहे, बाबा," ती शांतपणे म्हणाली. दीड मिनिट उरलं होतं.

शेवटच्या वीस सेकंदांत काम पुरं झालं. भास्कररावांना आधी धुरकट उजेड दिसला, मग मुलीचा करडा चेहरा. पहिल्या आवृत्तीत रंग नव्हतेच. तिचे गाल ओलेचिंब होते.

"अगं, आवाजावरून कळलंच नाही," ते म्हणाले आणि हात पुढे करून त्यांनी तिचे डोळे पुसले.