ऐकू येतंय का?

“बघ, वळली की नाही? तुला मेलं उगाच शंका काढायची सवय,” असं म्हणत सासूबाईंनी थाळीवर पुन्हा चमचा आपटला. गोधडीवर माझ्याकडे तोंड करून बसलेली आठ महिन्यांची रेवा लगेच मागे वळली.

पंधरा दिवस मला एकच धास्ती होती, हिला ऐकू येत नसेल तर? सासूबाईंनी पाच मिनिटांत निकाल लावला. सात वेळा थाळी वाजली, सातही वेळा रेवा वळली. मला तर आनंदानं रडूच येत होतं.

तेवढ्यात लक्षात आलं, त्यांचा हात वर गेला की माझीच नजर आधी तिकडे जातेय. रेवाची दृष्टी माझ्या चेहऱ्यावर खिळलेली. तिला स्वतःला काय कळतं आणि माझ्याकडे बघून काय कळतं, हे वेगळं करायचं कसं?

“आई, थांबा जरा. मी डोळे मिटून घेते. आता वाजवा, आणि ती वळली का ते तुम्हीच मला सांगा.”

“एवढं शिकलीस, पण डोळ्यांवर विश्वास नाही तुझा!” त्या हसल्या.

थाळी खणखणली. मी उत्तराची वाट पाहिली. मग पुन्हा खणखणली, या वेळी माझ्याच कानठळ्या बसतील इतक्या जोरात. “वळली का?” मी विचारलं, तर थाळी तिसऱ्यांदा खणखणली.

माझ्या पापणीवर एक इवलं, लाळेनं ओलं बोट टेकलं आणि ती उघडायला धडपडू लागलं.