जीपला नमस्कार

"डॅशबोर्ड कशाला खोलतोस रे? इंजिन पुढं असतं," रघू म्हणाला. म्हणाला हसतच, पण डॅशबोर्डवरचा हात काढेना.

मिरजोळ्याच्या गॅरेजच्या शेडमध्ये मितेश मेकॅनिक रघूच्या जीपखालून सरपटत बाहेर आला. "रघूदादा, नवं इंजिन इंजेक्शनवालं. त्याला स्वतःचा मेंदू असतो. तुमची जुनी वायर एकपण चालायची नाय. सगळं उपटून काढणार."

"काढा हो सगळं," रघूची बायको राही म्हणाली. ती समोरच स्टुलावर बसली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती.

झाली ना पंचाईत! त्या डॅशबोर्डच्या खाली, आतल्या अंगाला, रघूने स्वतःच्या हाताने बसवलेला एक खटका होता. बोटाच्या पेराएवढा. तो दाबल्याशिवाय इंजिन धरायचंच नाही. आणि तो तिथं आहे, हे रघूशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर राही देवरूखला जाऊन गाडी शिकली, लायसन काढलं, आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला शेजारी बसवून वाडीपर्यंतची चढण झोकात चढली. पारावर बसलेल्या शेजारच्या धाकूने हाक दिली, "काय रे रघू, आता तू क्लीनर काय?" सगळे खो खो हसले. रघूही हसला. पण ते हसू त्याच्या मनात सलत राहिलं, आणि दोन दिवसांत त्याने खटका बसवला.

तेव्हापासून राहीने कितीही किल्ली फिरवली तरी इंजिन नुसतं घुरघुरायचं. मग रघू यायचा. सीटवर बसून खाली वाकायचा, डॅशबोर्डच्या पोटाला हात लावायचा, तोच हात कपाळाला न्यायचा. नमस्कार झाला की जीप सुरू! "कार्बोरेटर लहरी आहे गो," तो म्हणायचा, "माझाच हात लागतो त्याला." वाडीलाही ते खरं वाटलं. पोरं खेळताना खाटेला नमस्कार करून गाडी चालवायची.

उद्या काढू, परवा काढू म्हणत खटका राहिला. काढणार तरी कसा? राहीच्या हाताने जीप एकाएकी सुरू झाली असती, तर सांगायचं काय?

आणि मग खेडहून फोन आला, राहीच्या आईचा श्वास कमी होतोय म्हणून. रघू लग्नाचं वऱ्हाड घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर गेलेला, त्याचा फोनही लागेना. वाडीतून संध्याकाळची एसटी निघून गेली होती. जीप दारात उभी. राही किल्ली फिरवत राहिली, फिरवत राहिली, रडत रडत फिरवत राहिली. सकाळी रघू आला, वाकला, नमस्कार केला, आणि जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. राही शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. खेडला पोचेपर्यंत आई गेली होती. त्यानंतर खरं सांगायची सोयच उरली नाही.

आता राहीनेच मनावर घेतलं होतं. "इंजिनच लहरी ना? मग इंजिनच बदलू." मितेशला तिनेच शोधला, आरटीओची परवानगीही तिनेच काढली. रघू नको म्हणणार तरी कोणत्या तोंडाने? स्वतःच्याच थापेत पुरता अडकला होता गडी.

मितेशने पहिल्या स्क्रूला हात घातला. तेवढ्यात राही उठली, फोन कानाला लावला, "हां, बोला," म्हणत रस्त्यापर्यंत गेली.

देवच पावला! रघूने मितेशच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हिसकावला, डॅशबोर्डखाली डोकं खुपसलं, खटका उपटला आणि खिशात कोंबला.

"चोरांसाठी होता," तो धापा टाकत म्हणाला.

"असेल," मितेश म्हणाला आणि कामाला लागला.

राही परत आली. "झालं?" तिने विचारलं.

"हां हां, चाललंय," रघू म्हणाला. परतताना एसटीत तिचा डोळा लागलेला बघून त्याने खटका बावनदीच्या पुलावरून भिरकावून दिला. कितीतरी दिवसांनी त्याने मोकळा श्वास घेतला.

महिन्याभराने जीप तयार झाली. पत्रा जुनाच, डॅशबोर्डही जुनाच, पोटात नवं इंजिन. मितेशने किल्ली पुढे केली आणि रघूचा हात सवयीने उठला. पण राहीने ती आधीच घेतली होती. ती स्टिअरिंगला बसली. रघू निमूट शेजारी.

किल्ली फिरवायच्या आधी राही खाली वाकली. डॅशबोर्डच्या पोटाखाली तिचा हात गेला. चाचपत नाही, सरळ त्याच जागी गेला. खटक्याच्या स्क्रूची दोन रिकामी भोकं तिने बोटाने दाबून बघितली. मग तोच हात कपाळाला लावला.

रघूचा हात दाराकडे गेला, पण उतरून जायचं कुठं?

"काढलात होय," ती म्हणाली. किल्ली अर्धी फिरली न फिरली तोच इंजिन सुरू झालं. "आईकडे निघालो त्या सकाळी तुमच्या हाताकडेच बघत होते मी. तेव्हापासून तुम्ही कधी सांगताय याची वाट बघतेय."

"राही, अगो..."

"बसा गप," राहीने गिअर टाकला. "त्या दिवशी इथं मला फोन कुणाचाच आला नव्हता."