प्रसूतिगृहातल्या काचा

चंद्रपूरच्या मे महिन्यात वीज गेली आणि नव्या प्रसूतिगृहात बाळंतिणी घामाने निथळू लागल्या. इमारत बघायला आलेली तिची आर्किटेक्ट मृण्मयी चक्रावली. वारा खेळता राहावा म्हणून तिने भिंतींत ठेवलेल्या मातीच्या जाळ्या संस्थेने परस्पर काढून तिथे न उघडणाऱ्या पक्क्या काचा बसवल्या होत्या.

“जाळ्या खेडवळ दिसत होत्या,” संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. “आता एसी आहे.”

“आणि वीज?”

“येईल की.”

एक तान्हं रडून रडून मलूल झालं होतं. मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खाटा बाजूला करवल्या, सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि काचेवर हाणला. कडुलिंबाखालचा वारा आत शिरला.

“हे काय चालवलंय?” अध्यक्ष कडाडले.

तान्ह्याची आई खाटेवरून म्हणाली, “मॅडम, तिकडची बी फोडा.”