निळी पट्टी

"पोलादाची पट्टी तीन वर्षं टिकते, ही वर्षभरात झिजेल. मग हीच का?" मॅनेजर यांगसाहेबांनी कोंबड्या वाहणाऱ्या साखळीखाली बसवायची निळ्या प्लास्टिकची पट्टी टेबलावर आपटली.

"पट्टी झिजेल साहेब, पण साखळी आणि रूळ वाचतील," फिटर बोंग-सिक म्हणाला. "तुकडा पडलाच तर पांढऱ्या मांसात निळा लगेच दिसेल. आणि ही आवाज करत नाही."

"कोंबड्यांना आवाजाचं काय? त्या मेलेल्या असतात."

"रांगेतल्या बायका जिवंत आहेत, साहेब."

यांगसाहेब हसले. "बसव. पण जेवणाच्या सुट्टीत. ऐन उन्हाळ्यात, सगळा देश सामग्येथांगचं कोंबडी-सूप पीत असताना साखळी थांबली तर तुलाच आकड्याला टांगीन."

बायकांचं फक्त निमित्त होतं. बोंग-सिकच्या मनात एकटी ओक-बुन होती, त्याची थोरली बहीण. इक्सानच्या या कारखान्यात ती लग्नाआधीपासून आकड्यांवरच्या कोंबड्या तपासत उभी होती आणि डोक्यावरून लोखंडावर लोखंड किंचाळत जायचं. त्या गोंगाटात, तोंडाला मास्क लावून बोलणार काय? बायका हातांनी बोलत. खुणा ओक-बुननेच ठरवलेल्या. नाकाला दोन बोटं म्हणजे यांगसाहेब. तळहात उलटा केला की उद्या. तिच्या हातांनी दिवसभर रांगेला हसवावं, अशी ती बाई.

हल्ली घरी मात्र ती एकच गोष्ट दोन-दोनदा विचारायची. तिचे उरलेसुरले कान तरी वाचावेत, एवढंच बोंग-सिकला हवं होतं. "ताई, नवी पट्टी बसली की तुला माझी शिट्टीसुद्धा ऐकू येईल," असं त्याने सकाळीच तिच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं.

"बेसूर वाजवतोस. पण ऐकेन," ती म्हणाली होती.

सुट्टीत त्याने पट्टी बसवली. साखळी सुरू झाली आणि परतलेल्या बायका चकित होऊन वर बघत राहिल्या. पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. मग जी बडबड सुटली! सुनेच्या कागाळ्या, आंबून गेलेली किमची, सगळं मास्कआडून, मान खाली घालून, हात कामात ठेवून.

ओक-बुन हातमोजे धुऊन सगळ्यांच्या मागून आली आणि आपल्या जागी उभी राहिली. तेवढ्यात शेजारची माल-न्यो यांगसाहेबांच्या टकलावर काहीतरी बोलली. अख्खी रांग खिदळली.

ओक-बुनने हसरे डोळे पाहिले. कोणावर हसताय, अशी खूण तिने केली. कोणी पाहिली नाही. तिने माल-न्योला कोपर मारलं आणि पुन्हा हात उचलले.

"अगं मावशी, आता तोंडाने बोल की," माल-न्यो म्हणाली आणि पुढच्या कोंबडीकडे वळली. ओक-बुनचे हात थोडा वेळ तसेच वर राहिले. मग तिने ते कामाला लावले.

बोंग-सिक दाराशी उभा होता. त्याने शिट्टी वाजवली. लहानपणी तळ्यावरून तिला हाक मारायला वाजवायचा तीच. बायकांनी वळून पाहिलं. ओक-बुन कोंबड्या तपासत राहिली. त्याने पुन्हा वाजवली, जोरात.

काही वेळाने मान वर करताना तिला तो दिसला. रोजच्यासारखा घसा ताणून ती ओरडली, "का रे, ती पट्टी कधी बसवणार?"

रांगेतली बडबड थांबली. सगळ्या आधी तिच्याकडे आणि मग बोंग-सिककडे बघू लागल्या. वरून साखळी आवाज न करता सरकत होती.

बोंग-सिकने हात वर केला आणि तळहात उलटा केला.