मंदाबाईचं मचाण

"हे कोणी बांधलं?" पाटबंधारे खात्याच्या सुरभी मॅडमनी विचारलं.

काठापासून बारा हात पाण्यात गेलेलं मचाण होतं ते. खाली बाभळीचे खांब, वर मोडक्या बैलबंडीच्या फळ्या. तलाव सरकारी, काठ सरकारी, चिखलसुद्धा सरकारी. मचाण तेवढं बंडूजींचं होतं, आणि ते कबूल करण्याइतके बंडूजी भोळे होते.

"मी बांधलं, मॅडम. आमच्या बुढीसाठी."

बुढी, म्हणजे त्यांची बायको मंदाबाई, मागेच उभी होती. डोक्यावर पाट, पाटावर मातीचा कानोबा. जन्माष्टमीचा दुसरा दिवस होता. मागच्या वर्षी याच दिवशी कानोबा शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, ती पाण्यात उतरली आणि गाळात कमरेपर्यंत रुतली. दोर टाकून दोघांनाही बाहेर काढावं लागलं, आधी कानोबाला. गाव अजून हसतं. बंडूजींना तेव्हा हसू आलं नव्हतं, ते फार घाबरले होते. उन्हाळ्यात पाणी आटताच त्यांनी मचाण उभं केलं.

"सरकारी जागेवर विनापरवानगी बांधकाम," मॅडम म्हणाल्या. "आज पंचनामा करून तोडावं लागेल." दोन मजूर सब्बल घेऊन तयारच होते.

"घंटाभर थांबा ना, मॅडम," मंदाबाई म्हणाली. "कानोबाले जाऊ द्या. मंग तोडा."

"अन् पुढच्या साली?" बंडूजी पुटपुटले.

मॅडम दुष्ट नव्हत्या. नोकरीत नवीन होत्या, आणि नियम सगळे पाठ होते. पंचनाम्यात आजची पाण्याची पातळी लिहायची म्हणून त्यांनी चौकीदार ताराचंदला पाठवलं. तो मचाणावरून पार टोकाला गेला, पाण्यातल्या मोजपट्टीवर वाकला आणि ओरडला, "दोन पॉइंट सदुसष्ट!"

मॅडमनी रजिस्टर उघडलं, आणि पानं मागे उलटता उलटता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ताराचंद, जूनपासून आकडे बरोबर आहेत. त्याआधी सतरा वर्षं पाणी अर्ध्या अर्ध्या मीटरनंच कसं चढत होतं?"

ताराचंद आभाळाकडे पाहू लागला. गरीब माणूस अडचणीत आहे हे बघून बंडूजी मदतीला धावले.

"त्याचा काय दोष, मॅडम? चिखलातून पट्टीपर्यंत जाता येते का? आमच्या म्हशीवरून लिहे तो. ठरल्या दगडापाशी ते उभी राहे. गुडघ्याले पाणी का अर्धा मीटर, पोटाले का एक, पाठ बुडाली का दीड."

"आणि दोन?"

"मंग ते पोहे ना, मॅडम."

मॅडम मटकन काठावरच्या दगडावर बसल्या. याच सतरा वर्षांच्या आकड्यांचा अहवाल गेल्या महिन्यात त्यांनी सही करून वर पाठवला होता. तलावाचं पाणी किती शिस्तीचं आहे, म्हणून मोठ्या साहेबांनी कौतुकही केलं होतं. पलीकडे म्हैस रवंथ करत होती. मचाण तुटलं तर ती उद्यापासून पुन्हा कामावर रुजू होणार, हे मॅडमना स्वच्छ दिसलं.

त्यांनी पेन उघडलं, बराच वेळ लिहिलं आणि वाचून दाखवलं. "सदर मचाण ही पाणीपातळी वाचण्यासाठीची सोय असून ते तूर्त ठेवण्यात यावं. वाचन घेणाऱ्याखेरीज कोणीही वर जाऊ नये."

मजुरांनी सब्बल खाली ठेवली. बंडूजींनी हात जोडले आणि तसेच थांबले.

"म्हणजे बुढीले नाई जाता येत?"

"आता ते सरकारी झालं, काका."

मंदाबाईनं चपला काढल्या आणि ती चिखलाकडे निघाली. बंडूजींचा चेहरा पाहवत नव्हता.

"मॅडम," ताराचंद एकदम म्हणाला, "मले अंक दिसत नाई. मोतीबिंदू झाला. वाचाले मंदाबाई लागन."

"आत्ता तर वाचलंत तुम्ही!"

"मंगच झाला, मॅडम."

मॅडमनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग मान खाली घालून 'वाचन घेणाऱ्या' पुढे दोन शब्द घुसवले: 'अथवा मदतनिसा'.

मंदाबाई पाट सांभाळत मचाणावर चढली. फळ्या जराही हलल्या नाहीत. टोकाला जाऊन तिनं मोजपट्टी पाहिली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दोन पॉइंट सदुसष्ट! लिवलं का?"

"लिहिलं," मॅडम म्हणाल्या.

मग ती गुडघ्यांवर बसली. कानोबाला तिनं दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं, तो विरघळेपर्यंत बघत राहिली, डोळे पुसले. उठता उठता पुन्हा पट्टीवर वाकली.

"मॅडम, अडुसष्ट!"

काठावर कोणी हसलं नाही. मॅडमनी सदुसष्ट खोडलं आणि अडुसष्ट लिहिलं.