गाडीखालचे साप

पिकअपच्या मीटरवर पिवळा दिवा लागला. त्यात एक इवलीशी गाडी, आणि तिच्याखाली वळवळणाऱ्या दोन रेघा. मल्लम्मानं ते बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, साप हायेत हे! नागपंचमीच्या तोंडावर, भावाचा उपास धरायच्या दिवसांत, शेडातली धामण ठेचली तुम्ही. लई पाया पडले, ऐकलं न्हाई."

"साप न्हाई, येडे, चाक घसरायची खूण हाय ती," म्हणत ईश्वरप्पा खदाखदा हसला. मुरुडच्या बाजारात ज्याला त्याला हीच गंमत सांगत सुटला. दिवा तसाच जळत राहिला.

मग एका पावसात, लातूरच्या रस्त्यावर, ब्रेक दाबताच पिकअप घसरली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. मल्लम्माच्या हाताला प्लास्टर चढलं. तरी गॅरेजात, तिच्या देखत, ईश्वरप्पाला राहवलं नाही.

"बघ बाबा रविकांत, आमच्या बाईसाहेबांना गाडीत साप दिसायलेत."

मिस्त्री रविकांत गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चाकाच्या सेन्सरची वायर होती, जागोजाग कुरतडलेली.

"उंदरं हायेत, आप्पा. लई माजलेत तुमच्या शेडात. घसरतं चाक आवरणारं सगळं त्यांनीच बंद पाडलं."

मग वायरीवरचा चिखल पुसता पुसता त्यानं सहज विचारलं,



"एखादी धामण-बिमण न्हाई का हो तुमच्याकडं?"