मुराळ्याचे टायर

"ह्या टायरवर मी बसणार न्हाई, बाबा."

फोनवर मंजुश्री एवढंच म्हणाली आणि मलप्पाच्या हातातला चहा तसाच राहिला. नागपंचमी तोंडावर आली होती. सासरी नांदणारीला पंचमीसाठी माहेरी आणायला जातो तो मुराळी, आणि नांदेडला दिलेल्या मंजूचा मुराळी लग्नापासून तिचा बापच. देवणीहून गाडी काढायची, लेकीला शेजारी बसवायचं, गप्पा मारत परत यायचं. आजवर तिनं गाडीला कधी नाव ठेवलं नव्हतं.

"काय झालंय टायरला?"

"मागच्या खेपेला बघितले की मी. टायर हायेत का तुमचं टक्कल?"

"अजून एक पावसाळा निघतोय."

"माणूस बसणार हाय त्यात. गाडी घसरली, हिसका बसला, कंबर धरली म्हणजे?"

"तुला कवापासून कंबर आली गं?"

मंजू हसली, पण हटली नाही. "चारीच्या चारी नवे टाका. न्हाईतर यंदा येऊच नका."

फोन ठेवून मलप्पा कुरकुरला, "नांदेडचं पाणी लागलं पोरीला."

"पाणी न्हाई, अक्कल आली," वाती वळता वळता त्याची बायको महानंदा म्हणाली. "बापाचीच आई होऊन बोलायलीय आता."

मलप्पा अंगणात गेला. गाडीपुढं उकिडवा बसून त्यानं टायरच्या खाचेत रुपया उभा केला. रुपया पडला. दुसऱ्या खाचेत केला, तिथंही पडला. महानंदा बघत तर नाही ना, हे पाहून त्यानं रुपया खिशात टाकला. डोक्यावरच्या लिंबाला झोक्याचा दोर कालच बांधून झाला होता. मंजू आली नाही तर त्या झोक्यावर चिमण्याच बसणार. गल्लीतल्या पोरी मेंदीचे हात घेऊन विचारायला येणार, "मंजूताई कुठंय?" तेव्हा काय सांगायचं? टायर गुळगुळीत होते म्हणून?

दुसऱ्या दिवशी गाडी उदगीरला मन्मथच्या टायरच्या दुकानापुढं उभी राहिली.

"मामा, खाचेतली ही बारकी गाठ दिसते का? रबर झिजून हिच्या बरोबरीला आलं की टायर संपलं."

"अजून जरा खाली हाय की गाठ."

"चष्मा घाला मामा. गाठ तुमच्याकडं बघून हसायलीय."

मलप्पानं चष्मा घातला. मग म्हणाला, "पुढचे दोन बदल. मागच्यांचं काय, त्यांना पुढच्यांच्या मागंच यायचंय."

"ओल्यात घसरले म्हणजे तेच पुढं येतेत."

मलप्पाला हसू आवरलं नाही, आणि हसला म्हणजे हरला. चारी टायर बदलून होईपर्यंत तो बाकड्यावर बसून राहिला. नव्या रबराचा काळा, करकरीत वास सुटला होता. लग्नघरात नव्या कपड्यांचा येतो ना, तसा त्याला तो गोड वाटला.

पंचमीच्या दोन दिवस आधी तो निघाला. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याएवढं झालेलं, वरून भुरभुर पाऊस. ओल्या वळणावर गाडी अशी धरून चालली, जणू रस्ताच तिला पदराआड घेऊन निघालाय. मलप्पा गुणगुणायला लागला,

*पंचमीचा सण, झोका लिंबाला टांगला,*
*वाटंकडं डोळा बाई, मुराळी येतो चांगला.*

नांदेडला फाटकात मंजू उभीच होती. बापाच्या पाया पडायच्या आधी ती टायरांपाशी गेली. खाचेत बोट घालून बघितलं, चारीला वळसा घातला.

"आता कसं!"

"बापापेक्षा टायरवर जीव जास्त व्हय?"

"तुमच्यावरबी हाय. या, आत या."

जावई उमाशंकर हसत पुढं आला. "मामा, नवे टायर! आता गाडी न्हाई, विमान झालं." मंजूच्या सासूबाई, शरणम्मा, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"रस्ता बरा होता?"

"हाव, बरा होता."

"जेवून जायचं. तसंच निघायचं न्हाई."

त्या पहाटेपासून चुलीपाशी होत्या. दरसाल असंच. शेंगापोळ्यांचा डबा बांधायचा, सुनेला वाटेला लावायचं, गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभं राहायचं आणि मग आत येऊन घरच्या माणसांचं जेवणखाण बघायचं.

जेवणं झाली. ऊन कललं. उमाशंकरनं बॅग डिकीत ठेवली. मलप्पानं उपरण्यानं पुढची सीट झटकली, दार उघडून धरलं आणि हाक मारली, "चल गं मंजे! तुझी आई दारात येऊन बसली असंल."

मंजू बाहेर आली ती सासूबाईंचा हात धरून. शरणम्मांच्या अंगावर नवं इरकल होतं, आणि पावलं पुढं पडत नव्हती.

"अगं, असं काय करून राहिलीस? घर कोण बघंल?"

"मी हाय की, आत्या. बसा आधी."

तिनं त्यांना हलकेच सीटवर बसवलं, इरकलचा काठ आत सारला आणि शेंगापोळ्यांचा डबा मांडीवर ठेवला. दार धरूनच मलप्पानं विचारलं,

"अन् तू? तू येईना व्हय?"

"मी दरसाल येते की," मंजू हसत म्हणाली. "यंदा तुमच्या सख्ख्या बहिणीला न्या, बाबा. पाठचा भाऊ दरसाल ह्याच दारातून लेकीला घेऊन जातोय, अन् तिनं नुसतं बघतच राहायचं व्हय?"